मूळ तबकडी, नवी घडण आणि नारायणगावची ढोलकी

ध्वनिमुद्रणाच्या चर्चेत ‘मूळ’ हा शब्द जितक्या सहजपणे वापरला जातो, तितका तो सरळ नाही. एखाद्या गाण्याची पहिल्यांदा बाजारात आलेली तबकडी ‘मूळ’ मानायची आणि त्याच मुद्रणावर नव्याने संस्कार करून काढलेल्या आवृत्तीला, म्हणजे ‘रीमास्टर’ला, तिची सुधारलेली किंवा बिघडलेली प्रत मानायचे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा संकेत पाश्चात्त्य रॉक संगीताच्या किंवा हिंदी चित्रपटगीतांच्या बाबतीत बऱ्यापैकी चालून जातो. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत मात्र तो अपुरा पडतो, कारण तेथे लावणीचा आवाज तबकडीच्या आधी उघड्या मैदानात घडला, तबकडीमुळे बदलला आणि बदललेल्या रूपात पुन्हा मैदानात परतला.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे पुणे–नाशिक मार्गावरचे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. चैत्र-वैशाखातील जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशाचे फड तेथे आपल्या राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पुढारी त्या राहुट्यांत येऊन, बोली ठरवून, आपल्या जत्रेसाठी फडाला सुपारी देतात. भाऊ-बापू नारायणगावकर यांचा फड याच गावाच्या नावाने महाराष्ट्रभर गाजला आणि त्याच परंपरेत वाढलेल्या विठाबाई नारायणगावकर (1935–2002) यांनी ते नाव अधिक दूरवर नेले. हा तमाशा ढोलकीफडाचा, म्हणजे गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग अशा क्रमाने रात्रभर चालणारा. बैठकीत बाजाची पेटी आणि तबला यांच्या साथीने रंगणाऱ्या संगीतबारीहून त्याचा बाज वेगळा असतो.

या फडाचा आवाज भिंतींविना घडला, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची तुलना करता येत नाही. ढोलकीच्या उजव्या, शाई लावलेल्या पुडीचा टणत्कार आणि डाव्या पुडीचा घुमारा, हलगीवर बारीक काडीने पडणारे तीक्ष्ण फटके, कड्याचा किणकिणाट, झांजेची झळाळी आणि तुणतुण्याच्या एकाच तारेचा अखंड सूर, असा हा मेळ असतो. त्यावर गायिकेचा खुला, चढ्या पट्टीतला गळा आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या सुरत्यांनी, म्हणजे झील धरणाऱ्या साथीदारांनी, उचललेले ध्रुपद येते. ध्वनिवर्धक नसताना हजारोंच्या जमावातील शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे असल्यामुळे गळ्याची आणि वाद्यांची घडण अशी तीक्ष्ण झाली.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवात 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाली. फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी केलेल्या त्या मुद्रणांत गौहर जान यांचा आवाज होता. मुद्रणाचे मूळ साचे आरंभी जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवले जात आणि तेथून तयार तबकड्या येत. 1908 मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाल्यावर त्या येथेच छापल्या जाऊ लागल्या. लाख, खनिज भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची ही तबकडी मिनिटाला सुमारे 78 फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्रभर चालणारा वग तीन मिनिटांत मावणे शक्य नव्हते. त्यामुळे तमाशातून तबकडीकडे गेली ती प्रामुख्याने लावणी, आणि तीही पुनरावृत्त्या छाटलेली, प्रेक्षकांच्या दादेला जागा न ठेवणारी. संपादनाचा पहिला संस्कार असा मूळ तबकडीतच झालेला होता.

दुसरा संस्कार यंत्राचा होता. 1925 पर्यंत मुद्रण मायक्रोफोनविना होई. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात गायचे आणि त्या आवाजाच्या दाबाने सुई मेणाच्या थाळीवर खाच कोरायची, अशी ती रीत होती. त्या खाचेत साधारण 170 ते 2,000 हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरत असे. हर्ट्झ म्हणजे ध्वनीच्या दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. ढोलकीचा घुमारा या पट्ट्याच्या खाली आणि झांजेची झळाळी वर राहत असल्याने दोन्ही गोष्टी तबकडीच्या बाहेरच राहिल्या. विद्युत मुद्रण आल्यावर हा पट्टा सुमारे 100 ते 5,000 हर्ट्झपर्यंत रुंदावला. शिवाय ‘78’ हा आकडा सुरुवातीच्या काळात काटेकोर नव्हता. मिनिटाला 74 फेऱ्यांनी कोरलेली तबकडी 78 वर वाजवली, तर गाणे सुमारे साडेपाच टक्क्यांनी जलद होते आणि सूर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गायलेली लावणी पांढरी दोनच्या जवळ ऐकू येते. गायिकेच्या खऱ्या पट्टीबद्दल अनुमान काढण्यापूर्वी हा हिशेब करावा लागतो.

तबकडी गावात पोचल्यावर तिसरा संस्कार झाला. वीज नसलेल्या गावांत चावीचा ग्रामोफोन चाले. त्याची पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागे आणि ध्वनिपेटीचे जड ओझे खाचेवर पडत असे; सुईचे टोक खाचेत घासून नीट बसावे म्हणून तबकडीतच अपघर्षक भुकटी मिसळलेली असे. त्यामुळे शेकडो वेळा वाजलेली तबकडी कारखान्यातून निघालेली तबकडी राहत नसे. पुढे जत्रा, लग्ने आणि तंबूतले सिनेमे यांतून ध्वनिवर्धकाचा कर्णा, म्हणजे भोंगा, आला. भोंगा साधारण 300 ते 5,000 हर्ट्झचा पट्टा जोरात फेकतो आणि त्याखालचे खर्जाचे स्वर जवळजवळ गिळून टाकतो. शिवारापलीकडून येणारा जो टोकदार, किंचित चिरका आवाज कित्येक पिढ्यांनी लावणीचा आवाज म्हणून ऐकला, त्यात कर्ण्याचा वाटा गळ्याएवढाच होता. आजच्या नव्या आवृत्तीत खर्ज भरदार ऐकू आला की तो ‘परत मिळाला’ असे म्हटले जाते. या श्रोत्यांनी मात्र तो तबकडीवरून कधी ऐकलाच नव्हता, त्यांनी तो केवळ फडासमोर बसून ऐकला होता.

चित्रपटाने या प्रवाहाला वळण दिले. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 मध्ये आला, त्याला वसंत पवार यांचे संगीत होते, आणि तमाशाच्या पार्श्वभूमीवरचा हा चित्रपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. 1972 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ राम कदम यांच्या संगीतासह आला. या लावण्या स्टुडिओत, मोजक्या अंतरावर ठेवलेल्या मायक्रोफोनसमोर, वाद्यवृंदासह मुद्रित झाल्या. फडाची लावणी चित्रपटात गेली, चित्रपटाची लावणी तबकडीवर आली आणि तबकडीवरून ऐकून तमाशाच्या फडांनी ती पुन्हा आपल्या रंगमंचावर घेतली. चित्रपटगीताला एकच मूळ नसते, हेही येथे लक्षात ठेवायला हवे, कारण चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरील गाणे आणि तबकडीसाठी वेळेच्या मर्यादेत बसवलेले गाणे यांत कडवी आणि मधले वाद्यसंगीत पुष्कळदा निराळे असते.

याच सुमारास लाखेची जागा व्हिनाइल या प्लास्टिकने घेतली. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी अमेरिकेत 1948 मध्ये आणि 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी 1949 मध्ये आली. मराठी लावण्या आणि लोकगीते घरोघरी पोचवण्यात या सात इंची तबकड्यांचा, म्हणजे ‘ईपी’चा, मोठा वाटा होता. व्हिनाइलचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने खरखर घटली, तरी नव्या मर्यादा आल्या. खर्जाचा स्वर खाचेला आडवे मोठे वळण देतो आणि जागा खातो, म्हणून एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे बसवायची असतील, तर एकूण आवाज उतरवावा लागतो किंवा ढोलकीच्या डाव्या पुडीचा जोर छाटावा लागतो. शिवाय बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर वेगाने सरकते, तर मध्याजवळ तोच वेग 21 सेंटिमीटरपर्यंत उतरतो, त्यामुळे शेवटच्या गाण्यातील झांज पहिल्या गाण्याच्या तुलनेत भरड लागते. याउलट 45 फेऱ्यांच्या ईपीवर प्रत्येक बाजूला मोजकाच मजकूर असल्याने लावणी अनेकदा लाँग प्लेपेक्षा अधिक ठसठशीत उमटते. गाणे कोणत्या आकाराच्या तबकडीवर आणि तिच्या कितव्या क्रमांकावर होते, हा प्रश्न त्यामुळे तुलनेत आधी विचारावा लागतो.

नवी आवृत्ती घडवताना उगम कोणता, यावर बहुतेक सारे अवलंबून असते. स्टुडिओतील चुंबकीय फीत टिकून असेल, तर तबकडीसाठी छाटलेला खर्ज तिच्यात सापडतो आणि नवी आवृत्ती मूळ तबकडीपेक्षा स्टुडिओतील आवाजाच्या अधिक जवळ जाऊ शकते. फीत खराब झाली असेल, तर एखाद्या संग्राहकाकडील वापरलेल्या तबकडीवरूनच काम करावे लागते. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संग्राहकांच्या संस्थांचे महत्त्व येथे दिसते. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला लाँग प्लेच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते; बारीक सुई खाचेच्या तळाशी साचलेल्या कचऱ्यातून फिरते आणि जो गोंगाट उचलते, तो नंतर संगणकाने पुसावा लागतो.

गोंगाट पुसण्याची ही क्रिया तमाशाच्या बाबतीत विशेष धोक्याची ठरते. तबकडीवरचा ओरखडा ध्वनीच्या आलेखात एका क्षणभराच्या टोकासारखा दिसतो आणि हलगीवर पडलेला काडीचा फटकाही जवळजवळ तसाच दिसतो. सरसकट साफसफाई करणारी प्रणाली दोन्ही बोथट करते. फितीची सरसर ज्या उंच पट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात झांज झळाळते, म्हणून सरसर पूर्ण काढली की झांज पत्र्यासारखी मुकी होते. नारायणगावाजवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण 2001 मध्ये राष्ट्राला अर्पण झाली, तिच्यापुढेही तत्त्वतः हाच प्रश्न असतो, कारण अवकाशातून येणारा क्षीण संकेत पृथ्वीवरच्या गोंगाटातून वेगळा काढायचा, तर संकेताचा आणि गोंगाटाचा स्वभाव आधी ठाऊक असावा लागतो. हलगी कशी वाजते हे ज्याने ऐकलेले नाही, त्याला तबकडीवरचा ओरखडा तरी नेमका कसा ओळखता येईल, हा प्रश्न ध्वनितंत्रज्ञालाही तितकाच लागू आहे.

1990 नंतर आणखी एक प्रघात रूढ झाला, तो म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर दाबून सगळे गाणे सारख्याच जोरात ऐकवण्याचा. लावणीत गायिका एकटी ओळ म्हणते आणि सुरत्ये तुटून पडावे तसे ध्रुपद उचलतात. हे अंतर दाबले गेले की गाणे पहिल्या ऐकण्यात दमदार वाटते, पण झील अंगावर येत नाही. 2017 मध्ये ‘सारेगामा’ने बाजारात आणलेल्या ‘कारवां’सारख्या छोट्या संचांतून जुनी गाणी घरात पुन्हा वाजू लागली, तेव्हा हा दाब लहान स्पीकरला सोयीचाच ठरला. व्हिनाइलच्या नव्या आवृत्त्याही पुष्कळदा संगणकीय फाइलवरूनच कोरल्या जातात; तशा तबकडीत खाच जुन्या पद्धतीची असली, तरी तिच्यातला आवाज त्या फाइलीपेक्षा अधिक सच्चा होत नाही.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष मूळच्या किंवा नव्याच्या बाजूने सरसकट कौल देणारा नाही. लाखेची तबकडी गळ्याचा मधला पट्टा धीटपणे पुढे आणते, ईपी ठसका देते, फितीवरून काळजीपूर्वक केलेली नवी आवृत्ती ढोलकीची डावी पुडी ऐकवते आणि अतिसाफ केलेली आवृत्ती या तिन्हींना मागे सारते. म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेष्टनावर उगम फीत आहे की तबकडी, फेऱ्यांचा वेग किती धरला आणि काय पुसले, या तीन गोष्टी छापल्या जाव्यात आणि न पुसलेली प्रत संग्रहात राखली जावी. नारायणगावात राहुट्या पडतात आणि ढोलकीवर थाप पडते, तोवर तुलनेसाठी तिसरे मापही हाताशी आहे, आणि ते कोणत्याही तबकडीहून जुने आहे.