तबेल्यातील पहाट, रिंगणातील टाळी

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही वर्गात एक प्रश्न आवर्जून विचारतो : या आयुष्याचे कष्ट कोणी उपसले आणि त्यांना ग्रंथात किती जागा मिळाली? प्रश्न वाङ्मयबाह्य वाटतो, पण तो टाळला की चरित्राचे स्तोत्र होते. पॅट स्माइद (1928-1996) या इंग्रज अश्वारोहिणीच्या निमित्ताने हाच प्रश्न आम्ही एका तबेल्याच्या दारात उभे राहून विचारणार आहोत.

पॅट शो जंपिंगची, म्हणजे ठरावीक क्रमाने मांडलेल्या अडथळ्यांवरून घोडा उडवण्याच्या स्पर्धेची खेळाडू. तिच्या घरी पैशाची सुबत्ता नव्हती. आई घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवून खर्च भागवी. 1947 साली ब्रिटिश संघातून परदेशी स्पर्धेत उतरली तेव्हा पॅट अठरा वर्षांची होती. तिची त्या काळातली घोडी फायनॅलिटी ही दुधाची गाडी ओढणाऱ्या घोडीची लेक. 1952 साली आई मोटार अपघातात गेली. ग्लॉस्टरशरमधील मिझर्डन येथील घर आणि तिथला तबेला यांचा भार त्यानंतर पॅटवरच पडला.

असा तबेला चालवणे म्हणजे काय, हे समजायचे तर रिंगण विसरून ठाणात यावे लागते. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो. मात्र गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. खालची जमीन कठीण किंवा ओली असेल तर तो आडवा होण्याचे टाळतो. म्हणून ठाणात गव्हाच्या काडाचा जाड थर अंथरायचा. रोज सकाळी लीद वेचायची, मूत्राने भिजलेले काड बाहेर काढायचे, कोरडे काड भिंतीकडे लोटून जमीन वाळू द्यायची आणि मग सारे पुन्हा पसरायचे. भिंतीलगत काडाचा उंच बांध ठेवायचा, कारण लोळताना भिंतीशी अडकलेला घोडा सुटण्याच्या धडपडीत पाय मोडून घेऊ शकतो. हयगय झाली तर मूत्रातून उठणारा अमोनिया फुप्फुसांना बाधतो आणि ओलीने खुराचा तळवा सडू लागतो. बुरशी धरलेल्या काडाने खोकला जडतो. त्यामुळेच आता अनेक तबेल्यांत काडाऐवजी रंधलेल्या लाकडाच्या ढलप्या अंथरतात. यापुढे खरारा, दाणा-वैरण, मग रपेट. स्पर्धेतली फेरी जेमतेम एक-दोन मिनिटांची. तिच्यामागे अशा शेकडो सकाळी असतात.

पण रिंगणात कोणी उतरावे, याचा निर्णय या सकाळी करत नव्हत्या. तो दर्जा आणि लिंग पाहून होत असे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि सैन्यातून येणारा स्वार राजादिष्ट अधिकारीच असावा लागे. त्या वर्षी ड्रेसाज या प्रकारात स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढे उघड झाले की संघातील गेहनेल पेर्सन हा सार्जंट होता. स्पर्धेपुरती त्याला बढती देऊन नंतर पुन्हा खाली उतरवले होते. 1949 साली संघाचे पदक काढून घेण्यात आले. त्याच्या घोडेस्वारीत उणे काही सापडले नव्हते. उणे होते ते हुद्द्यात. नियम बदलले आणि 1952 मध्ये त्याच तिघा स्वारांनी ते सुवर्ण पुन्हा जिंकले. हेल्सिंकीच्या त्याच ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज स्त्रियांनाही खुले झाले. शो जंपिंगचे दार मात्र बंदच राहिले. ब्रिटनच्या पुरुष संघाने तिथे सुवर्ण मिळवले तेव्हा पॅट पात्र असूनही बाहेर होती.

दार उघडले ते 1956 साली. ऑस्ट्रेलियाच्या कडक पशु-विलगीकरण नियमांमुळे त्या वर्षी अश्वारोहणाच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या. अडथळ्याचा दांडा पाडला की 4 दंडगुण, या हिशेबात जर्मनीचे 40, इटलीचे 66 आणि ब्रिटनचे 69 झाले. ब्रिटनला कांस्य मिळाले आणि फ्लॅनगन या घोड्यावर स्वार झालेली पॅट शो जंपिंगमध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली स्त्री ठरली.

इथे आम्हांला मराठी इतिहासातली एक जुनी जोडी आठवते. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. मान शिलेदाराचा मोठा. टॉस्का आणि प्रिन्स हॅल या स्वतःच्या घोड्यांवर पॅट शिलेदार होती. फ्लॅनगन मात्र दुसऱ्याच्या मालकीचा, म्हणजे ऑलिंपिकमध्ये ती बारगीरच. या जोडीत न बसणारा तिसरा माणूस म्हणजे मोतद्दार. खरारा करणारा, ठाण झाडणारा. आपल्या बखरींत त्याला नाव नाही आणि पदकांच्या यादीतही नाही. पॅटच्या हातून ही तिन्ही कामे झाली, हेच तिचे वेगळेपण.

चौथे काम लेखणीचे. 1954 साली तिचे 'जंप फॉर जॉय' हे आत्मचरित्र आले. पुढे मुलांसाठी 'थ्री जेज' या कथामालेची पुस्तकेही तिने लिहिली. हे लेखन तिच्या चरितार्थाचा आधार होते. अशा पुस्तकांना आपण 'खेळाडूंचे लेखन' म्हणून वाङ्मयाच्या अंगणाबाहेर ठेवतो. तसे करताना हुद्दा पाहून स्वार पारखणाऱ्या त्या नियमापासून आपण फार दूर नसतो, असे आम्हांला वाटते. लेखनाचा कस जरूर लावावा. पण दारातच जात विचारू नये.