टोपीवरची असई

हर्सूलवरून जळगाव रस्ता फुलंब्री-सिल्लोडकडे निघतो. सिल्लोडला उजवीकडे वळलं की भोकरदन, आणि त्यापुढे केळणा-जुईच्या दुआबात असई. या आडगावाचं नाव पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत पोचलं होतं, स्कॉटिश शिपायांच्या टोपीवर. हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यात खाली एक चिमुकला हत्ती होता आणि त्याच्यालगत ‘असई’ ही अक्षरं.

हा हत्ती आला 23 सप्टेंबर 1803 च्या लढाईतून. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं पिंपळगावजवळच्या उतारानं केळणा ओलांडली आणि दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेवर चाल केली. त्याच्या पुढच्या तुकडीची वाट चुकली. तिच्यामागून 74 वी हायलँड पलटण थेट असई गावासमोरच्या तोफांच्या तोंडी गेली. पलटणीची अक्षरशः चाळण झाली. शिंद्यांचे गोलंदाजही तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून पाठीमागून मारा करू लागले. त्यांच्या नावाचा बिल्ला मात्र कुणी पाडला नाही.

लढाईचा निकाल तोफा-संगिनींनी लावला, तरी खूण म्हणून हत्ती निवडला गेला. इंग्रजाच्या डोळ्यांपुढे हिंदुस्थान म्हटलं की हत्तीच यायचा! 74 व्या पलटणीला ईस्ट इंडिया कंपनीनं मानाचं निशाण दिलं. 1807 मध्ये हत्ती आणि ‘असई’ हे नाव मिरवायला राजाची परवानगीही मिळाली. 1881 मध्ये 71 वी व 74 वी एकत्र होऊन हायलँड लाइट इन्फन्ट्री झाली, तेव्हा हत्ती नव्या घरात आला. युद्धकाळात अशा पलटणींच्या बिल्ल्यांच्या छोट्या प्रतिकृती ब्रोच म्हणून घरी धाडायची रीत होती. आघाडीवर गेलेल्याची आठवण बायको किंवा आई पदराला, म्हणजे त्यांच्या कोटाला, लावी.

असईच्या लढाईतून वाचलेल्या शिपायांना पदक मिळालं ते 1851 मध्ये, म्हणजे 48 वर्षांनी. तोवर उरले होते किती! त्या पदकाच्या पट्टीवर असईच्या इंग्रजी हिज्ज्यातलं एक अक्षरही गळालं.

खरी गंमत पुढे आहे. वेलस्लीच्या फौजेत मद्रासी पलटणी मोठ्या संख्येनं होत्या. आजच्या भारतीय सैन्यातल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातही ढालीवर, दोन तलवारींच्या संगतीनं, तोच असईचा हत्ती उभा आहे.