गोळीबार-बचाव प्रशिक्षण (विद्यापीठीय)

अमेरिकी विद्यापीठांत सशस्त्र हल्ल्यातून जीव वाचवण्यासाठी विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना दिले जाणारे प्रशिक्षण. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात गोळीबारात ३२ जणांचा बळी गेला. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. तिथल्या नॉरिस हॉल या इमारतीतल्या २०५ क्रमांकाच्या वर्गात विद्यार्थ्यांनी दाराला टेबल लावून ते जिवाच्या आकांताने दाबून धरले आणि हल्लेखोराला आत शिरता आले नाही. दुसऱ्या एका वर्गात प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कू दार अडवून उभे राहिले. बहुतेक मुले खिडकीतून निसटली, ते मात्र मारले गेले. प्रशिक्षणातला ‘पळा, लपा, लढा’ हा क्रम ह्यूस्टन शहराच्या २०१२ मधील चित्रफितीने रुजवला. लपल्यावर दिवे बंद, फोन मूक. लढणे अगदी शेवटी. पोलीस दिसताच हात रिकामे करून वर धरायचे, कारण मुठीतला मोबाइलही शस्त्र वाटू शकतो.