सामाजिकदृष्ट्या संवेदनशील संशोधन (मानसशास्त्र)

ज्या मानसशास्त्रीय संशोधनाची झळ सहभागी व्यक्तींबरोबरच त्यांच्या वंशाच्या, लिंगाच्या किंवा वर्गाच्या साऱ्यांना लागू शकते, ते सामाजिकदृष्ट्या संवेदनशील संशोधन होय. जोन सीबर व बार्बरा स्टॅन्ली यांनी १९८८ मध्ये या संकल्पनेची मांडणी करताना चार बाबी तपासायला सांगितल्या : प्रश्नाची निवड, सहभागींना मिळणारी वागणूक, संस्थात्मक संदर्भ आणि निष्कर्षांचा अर्थ व वापर. प्रचलित संशोधननीतीचा भर दुसऱ्या बाबीवर असतो. पण संमतिपत्रावर सही करतो तो सहभागी. त्याच्या समूहाला कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार तर ज्ञानाच्या उपयोजनाचे दूरगामी परिणाम परीक्षण मंडळाने जोखमीत धरायचे नसतात. त्यामुळे समूहाविषयीचे उत्तरदायित्व संशोधकावरच येते.

पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख अमेरिकी सैनिकांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. त्या गुणांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये दक्षिण व पूर्व युरोपातील स्थलांतरितांना बुद्धीने कमी ठरवले. अमेरिकेतील वास्तव्य जितके जुने तितके गुण अधिक, हे त्यांच्याच आकडेवारीत दिसत होते. भाषा आणि परिचय यांनी गुण वाढतात, असा त्याचा सरळ अर्थ होता. ब्रिगम यांनी मात्र नंतर आलेले लोकच निकृष्ट, असा अर्थ लावला. १९२४ च्या कायद्याने त्या प्रदेशांतून होणारे स्थलांतर कठोरपणे रोखले. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष मागे घेतले. कायदा तसाच राहिला.

शास्त्रज्ञाने तथ्य मांडावे, वापराचा दोष राज्यकर्त्यांचा, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्या कायद्यात चाचण्यांचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, हे खरे. तरी आकड्यांचा विपरीत अर्थ राज्यकर्त्यांनी लावला नव्हता. तो संशोधकाचाच होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अशा सावधगिरीने महत्त्वाचे विषयच वर्ज्य होतील. पण टाळणे हीदेखील हानी ठरू शकते. एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० समलैंगिक व ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या चाचण्यांचे निकाल, ओळख लपवून, तज्ज्ञांपुढे ठेवले. त्यांना फरक ओळखता आला नाही. समलैंगिकता हा विकार आहे, या गृहीताला त्यामुळे मोठा तडा गेला आणि १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने ती विकारांच्या यादीतून वगळली. दोन्ही विषय सारखेच नाजूक होते. फरक इतकाच की, रूढ समज खोटा ठरण्याची वाट हूकर यांनी मोकळी ठेवली, तर ब्रिगम यांनी विरोधी पुरावाही त्याच समजाच्या कामी लावला. ही वाट मोकळी ठेवणे, हेच ज्यांची संमती घेता येत नाही अशांप्रती संशोधकाचे पहिले कर्तव्य होय.