स्ट्रॉबेरी फील्ड्स

स्ट्रॉबेरी फील्ड्स : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहरी, सेंट्रल पार्क या ८४३ एकरांच्या सार्वजनिक उद्यानाच्या पश्चिम हद्दीस, एकाहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या रस्त्यांच्या दरम्यान वसलेले सुमारे अडीच एकरांचे स्मृतिउद्यान. ‘बीटल्स’ या विख्यात ब्रिटिश वाद्यवृंदातील गायक व गीतकार जॉन लेनन (९ ऑक्टोबर १९४० – ८ डिसेंबर १९८०) याच्या स्मरणार्थ ते सिद्ध करण्यात आले असून ९ ऑक्टोबर १९८५ रोजी, म्हणजे तो हयात असता तर त्याच्या वयास पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती त्या दिवशी, ते लोकार्पण झाले.

उद्यानाची जागा हीच का ठरली, याचे उत्तर रस्त्यापलीकडे उभे आहे. बहात्तराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर १८८० ते १८८४ या काळात हेन्री हार्डनबर्ग या वास्तुविशारदाने बांधलेली, उंच त्रिकोणी माथ्यांची व एखाद्या सरदाराच्या गढीसारखी भासणारी ‘डकोटा’ नावाची निवासी इमारत आहे. १९७३ पासून लेनन आणि त्याची पत्नी, जपानी कलावती योको ओनो, तेथे राहत होती. मायदेशी विपुल कीर्ती मिळालेल्या या मनुष्यास अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे सरकारशी झगडावे लागले. हद्दपारीचे प्रकरण निकालात निघून १९७६ साली तो परवाना हाती आला, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, ध्वनिमुद्रणाचे काम आटोपून रात्री घरी परतत असता, याच इमारतीच्या कमानीखाली त्याची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. मारेकऱ्याने त्याच दिवशी दुपारी त्याच्याकडून तबकडीच्या वेष्टनावर स्वाक्षरी घेतली होती. मारेकऱ्याच्या नावाची नोंद येथे करण्याचे प्रयोजन नाही.

पार्थिवाचे दहन झाले. मात्र जाहीर अंत्ययात्रा निघाली नाही आणि लोकांना दर्शनास जाता येईल अशी कबरही कोठे झाली नाही. त्याऐवजी १४ डिसेंबर १९८० रोजी दहा मिनिटे मौन पाळावे, एवढेच आवाहन योको ओनो यांनी केले, आणि त्या वेळी सेंट्रल पार्कमध्ये लाखावर माणसे निःशब्द उभी राहिली. प्रस्तुत उद्यानाचे पुढील सारे चरित्र या दोन गोष्टींतून उलगडते : थडगे नाही, आणि शोक करणारा समुदाय मात्र अगणित आहे.

शहराच्या विधिमंडळाने १९८१ साली ठराव मंजूर करून उद्यानाच्या या भागास ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ हे नाव दिले व महापौर एडवर्ड कॉच यांनी त्यावर स्वाक्षरी केली. नाव अर्थातच १९६७ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या बीटल्सच्या गीतावरून घेतलेले आहे. नामकरण झाले तरी जमीन दैन्यावस्थेतच होती. १९७० नंतरच्या दशकात शहराचा खजिना रिता झाल्यामुळे साऱ्या सेंट्रल पार्कची जी दुर्दशा झाली होती, तिला हा कोपरा अपवाद नव्हता. योको ओनो यांनी दहा लक्ष डॉलरांची देणगी देऊन नवी आखणी, लागवड आणि पुढील देखभाल यांची तजवीज केली. आराखड्याचे काम, उद्यानाच्या व्यवस्थेसाठी १९८० साली स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या संस्थेचे उद्यानरचनाकार ब्रूस केली यांच्याकडे सोपविण्यात आले.

येथे पुतळा नाही. थोर पुरुषाचे स्मारक म्हणजे चौथरा, त्यावर पुतळा, भोवती साखळी आणि जयंतीस हार, या हिशेबात वाढलेल्या आपल्याकडील प्रवाशास ही उणीव प्रथम खटकते. परंतु सेंट्रल पार्कचे मूळ रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनाही उद्यानात पुतळ्यांची दाटी नकोशीच होती, आणि त्यांच्या मूळ योजनेतून घडविलेले शिल्प बेथेस्डा कारंज्यावरील देवदूताचे तेवढे एकच होय. पुढील पिढ्यांनी हा दंडक पाळला नाही. शेक्सपिअर, स्कॉट व बर्न्स हे साहित्यिक तेथे ब्राँझमध्ये अवतरले, खुद्द बेटोव्हेनचा अर्धपुतळाही आला. लेननच्या स्मारकाने मात्र, जाणून असो वा नसो, मूळ संस्थापकांचाच मार्ग धरला आणि झाडे, गवत, पायवाटा व दगडी फरशी एवढ्याच सामग्रीवर भागविले. सेंट्रल पार्कमध्ये संगीतकारांची जी स्मारके आहेत त्यांत हे सर्वांत साधे आणि, आमच्या मते, सर्वांत योग्य आहे.

‘शांतिउद्यान’ म्हणून या जागेस निरनिराळ्या राष्ट्रांनी मान्यता द्यावी व आपापल्या देशांतील वनस्पती पाठवाव्यात, ही कल्पना योको ओनो यांची. जागेतील एका खडकावर बसविलेल्या ब्राँझच्या पाटीवर अशी मान्यता देणाऱ्या १२१ देशांची नावे कोरलेली आहेत. शीतयुद्धाचा तो काळ लक्षात घेता, परस्परांकडे संशयाने पाहणारी सरकारे एका गायकाच्या बागेपुरती एका पाटीवर नांदली, हे नवलच म्हणावे लागेल. हिरवळीच्या उत्तर टोकास ‘डॉन रेडवूड’ जातीचे तीन वृक्ष आहेत. ही जात प्रथम जीवाश्मांवरूनच ज्ञात झाली होती व ती नामशेष झाल्याचे मानले जात असता १९४० नंतरच्या दशकात चीनमध्ये तिचे जिवंत वृक्ष आढळले. सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत ही झाडे तांबूस होऊन आपली पाने गाळतात. बहुसंख्य प्रवासी त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता परत फिरतात, याचे वाईट वाटते.

त्यांचे लक्ष प्रवेशद्वाराजवळच्या वर्तुळाने वेधून घेतलेले असते. उंच एल्म वृक्षांच्या छायेत, बाकांच्या कोंडाळ्यात, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या तुकड्यांनी जडविलेली एक गोल फरशी आहे. प्राचीन ग्रीक-रोमन धाटणीची ही कुट्टिमकला इटालियन कारागिरांची असून नेपल्स शहराने ती भेट दिली. मध्यभागी ‘इमॅजिन’ हा एकच शब्द आहे : लेननच्या १९७१ सालच्या गीताचे शीर्षक. या गीताची मूळ प्रेरणा योको ओनो यांच्या ‘ग्रेपफ्रूट’ (१९६४) या पुस्तकात असल्याचे लेननने स्वतः सांगितले होते. तेव्हा हे स्मारक एकट्याचे नसून दांपत्याचे आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कायद्याने ही जागा ‘शांतता क्षेत्र’ आहे. प्रत्यक्ष वहिवाट अगदी निराळी. सकाळी लवकर गेल्यास नियमाची प्रचीती येते. दिवस वर आला की कोणीतरी गिटार घेऊन बाकावर बसतो, बीटल्सची गाणी एकामागून एक सुरू होतात, समोरच्या उघड्या पेटीत नाणी पडतात, आणि मौनासाठी राखून ठेवलेल्या बागेत ज्याच्यासाठी मौन पाळावयाचे त्याचेच स्वर दिवसभर घुमत राहतात. वादकांचे आपसांत बसण्याच्या पाळीवरून तंटे होतात, पहारेकऱ्यांना मनाईहुकूम बजावावा लागतो, आणि काही दिवसांनी पुन्हा सारे पूर्ववत चालू होते. फरशीवर फुले, मेणबत्त्या, चिठ्ठ्या ठेवण्याची चालही कोणी ठरवून दिलेली नाही. पुष्कळ वर्षे एक बेघर गृहस्थ स्वेच्छेने तेथे बसून फुलांची मांडणी करीत असत. संगमरवरी समाधीवर जे उपचार घडावयाचे ते सारे येथे घडतात, मात्र खाली कोणाचीही कबर नाही. टीकाकारांना हा बाजार वाटतो. पण ज्या समुदायास शोक करण्यास अन्य ठिकाणच दिले गेले नाही, त्याने ठिकाण स्वतः निर्माण केले तर त्यास दोष देणे न्यायाचे होणार नाही. ९ ऑक्टोबर व ८ डिसेंबर या दोन तिथींस येथे मोठा जमाव लोटतो, आणि थंडीची पर्वा न करता रात्र पडल्यावरही गायन चालते. रात्री एक वाजता उद्यान बंद होत असल्याने पोलिसांना शेवटी जमाव पांगवावा लागतो. नोव्हेंबर २००१ मध्ये बीटल्समधीलच जॉर्ज हॅरिसनचे निधन झाले तेव्हाही लोक येथेच जमले. हा तोच हॅरिसन, ज्याने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील एच. एम. व्ही.च्या कलागृहात भारतीय वादकांकडून वाजवून घेतलेले संगीत बीटल्सच्या एका गीतास आधारभूत झाले. त्या गीताच्या अखेरीस लेननचाही पुसटसा साथस्वर आहे.

जाण्यासाठी भुयारी रेल्वेच्या ‘बी’ वा ‘सी’ गाडीने बहात्तराव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावे. जिना चढून वर येताच डकोटा दिसते व रस्ता ओलांडल्यावर ‘विमेन्स गेट’ नावाच्या प्रवेशद्वारातून काही पावलांतच उद्यान लागते. प्रवेशास शुल्क नाही.

ज्या मूळ स्थळावरून गीतास व उद्यानास नाव मिळाले ते ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ (एकवचनी) इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या वुल्टन उपनगरात आहे. १९३६ पासून तेथे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचे अनाथ मुलांचे वसतिगृह होते आणि जवळच मावशीकडे वाढलेला लेनन लहानपणी त्याच्या आवारात खेळावयास जात असे. वसतिगृह २००५ साली बंद पडले. २०१९ पासून ती जागा प्रेक्षकांसाठी खुली असून तेथील प्रदर्शन पाहण्यास तिकीट काढावे लागते.