ज्याला कोणी कामावरून काढले नाही

माझे आजोबा श्रीपूरला साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर चपला शिवत. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या या कारखान्याचा बॉयलर पेटला की आमची चूल पेटे. पट्टा पडला, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, की आरी-रापी थंड. १९८० नंतरच्या एका उन्हाळ्यात ते रोजगार हमीवर नाव नोंदवायला गेले. समोरच्याने विचारले, "तुझा तर धंदा आहे. तू बेकार कसा?" आजोबा परत आले.

घरातला पहिला पदवीधर म्हणून मी या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो.

बेकार कोण? ज्याला मालकाने काढले तो, असे आपले कायदे धरून चालतात. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची निम्म्या वेतनाची भरपाई आली. ती हजेरीपटावरच्यांना, आणि हंगामी कारखाने तिच्यातून वगळलेले. फाटकाच्या आतल्याची ही गत, तर बाहेरच्याचा हजेरीपट कोणता?

चांभाराला एक मालक कधी नव्हताच. बलुतेदारीत सारा गाव त्याचा मालक होता. बलुते मोडले तेव्हा गावाने त्याला काढले नाही, फक्त धान्य घालणे बंद केले. जात धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'त मांडले होते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये आलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क बनली; २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. सुरुवातीला तो दिवसाला एक रुपया होता. ग्रामीण भागातला कोणीही प्रौढ काम मागू शकत होता. धंदेवाला वगळलेला नव्हता. म्हणजे आजोबांना मिळालेले उत्तर कायद्याला धरून नव्हते. पण नाव नोंदले असते तरी काम अकुशल अंगमेहनतीचेच. पिढ्यांचे कसब खाली ठेवून खडी फोडायची, तेव्हा कुठे त्यांची बेकारी सरकारला दिसणार!

याच योजनेच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. कर घेताना धंदा मोजता येतो. मग बसलेला धंदा मोजता येत नाही, असे कसे? पट्टा पडल्याची तारीख तर सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असते.

पुढेही हेच. २००८ च्या असंघटित कामगार कायद्याने स्वयंरोजगारिताची व्याख्या केली. आरोग्य, प्रसूती, वार्धक्य यांची नावे घेतली, बेकारीचे घेतले नाही. २०१८ ची कर्मचारी विमा महामंडळाची बेकारी भत्त्याची योजना नोकरी गमावलेल्या विमाधारकांपुरती. डेन्मार्कमध्ये मात्र स्वतंत्र धंदेवाल्यालाही बेकारी निधीचा सभासद होता येते.

राज्यघटनेचे कलम ४१ बेकारीत साहाय्याचा हक्क सांगते. मालक असण्याची अट घालत नाही. ती अट कायदे करणाऱ्यांनी आणली. चळवळीने आता फाटकाबाहेरच्यांची नोंदवही मागावी: धंदा कोणता, मंदीचे महिने कोणते, त्या महिन्यांचा भत्ता किती. आजोबांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी आता विचारणाऱ्यांची आहे.