पॉलिमर क्लेची मूर्ती ओव्हनमध्ये का वाकते? आत तार कशी घालायची?

रील्स पाहून तुम्हीही पॉलिमर क्लेचा जिराफ केलात. टेबलावर तो ऐटीत उभा होता, पण ओव्हनमधून काढला तेव्हा मान खाली लोंबत होती. असं का होतं?

कारण ही खरी माती नाहीच. पीव्हीसी प्लास्टिकची पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर यांचं हे मिश्रण असतं. गरम होताना ते आधी आणखी मऊ पडतं आणि मग घट्ट होतं. त्या मधल्या मिनिटांत बारीक पाय, पसरलेले हात, लांब मान स्वतःच्याच वजनाने झुकतात. म्हणून आत तारेचा सांगाडा हवा.

लहान आकृतीला अ‍ॅल्युमिनियमची तार उत्तम, हातानेच वाकते. पण सगळा भार दोन बारीक पायांवर असेल तर ती डुगडुगते. तिथे कडक जीआय तार घ्या. विजेच्या वायरचं प्लास्टिकचं आवरण मात्र आधी सोलून काढा, ते उष्णतेने मऊ होतं.

खरी गोम पुढे आहे. गुळगुळीत धातूला क्ले चिकटत नाही. नुसत्या तारेवर लावलेला हात तारेभोवती गोल फिरतो, नाहीतर निसटतो. त्यासाठी दोन तारा एकमेकींना पिळून घ्या आणि वर स्वयंपाकघरातली फॉइल घट्ट दाबून गुंडाळा. फॉइल सैल राहिली तर आत अडकलेली हवा तापून फुगते आणि तडे जातात. फॉइलवर फेविकॉलचा पातळ हात दिला तर पकड वाढते, पण तो पूर्ण वाळू द्या. पोट, डोकं असे जाड भाग फॉइलनेच भरून काढा. क्लेही कमी लागतो, आणि महाग तर तोच आहे! पायांखाली तारेची टोकं मोकळी ठेवून लाकडाच्या ठोकळ्यात रोवा आणि ठोकळ्यासकट भाजा.

भाजायला ओटीजी किंवा कन्व्हेक्शन मोड वापरा. आत धातू आहे, त्यामुळे मायक्रोवेव्ह मोड अजिबात नको. तापमान पाकिटावरचंच: फिमोला 110 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं, स्कल्पीला साधारण 130 अंशांवर दर 6 मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत फरक असू शकतो, म्हणून ओव्हन थर्मामीटर ठेवलेला बरा. क्ले जळला तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो. लगेच ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा.

भाजल्यावर पूर्ण गार होईपर्यंत मूर्तीला हात लावू नका, गरम असताना ती लवचीकच असते. आणि आत तार आहे म्हणून नंतर हात-पाय वाकवायला जाऊ नका. तार वाकेल, पण वरचा क्ले तडकेल.